पांढरं लाकूड

कांताने सुई दुसऱ्या भोकात घातली. पहिल्या भोकात ती अर्धी गेली होती. या भोकात नेढ्यापर्यंत गेली आणि कुठेच अडली नाही.

आलमारी आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा होती. तिथे ती कुशीवर आडवी झाली होती. डाव्या हातात टॉर्च, खाली फरशीवर अंथरलेला पतंगाचा काळा कागद. तिने बोटाच्या पेराने फळीवर हलकेच टकटक केली. कागदावर पांढरी भुकटी पडली. तिने ती चिमटीत घेऊन चोळली. कण लागला नाही, चाळलेल्या मैद्यासारखी होती.

"निघालं का काही?" गिरजाबाईंनी दारातून विचारलं. त्या खोलीत आल्या नव्हत्या.

"पीठ निघतंय. ताजं आहे."

"ताजं हाय हे कसं समजते?"

"पांढरं आहे अजून. जुनं असतं तर पिवळं पडलं असतं."

"वाळवी असन."

"वाळवी माती आणते, माय. ही भुंगेऱ्याची आहे. घुण."

गिरजाबाईंनी चौकट धरून आत डोकावलं. मग म्हणाल्या, "मार्क्याले हात नोको लावू."

"नाही लावला."

तिने टॉर्च खाली वळवला. आलमारीची पाठ चिंचोक्यासारखी गडद होती. सोळा वर्षांचं जवसाचं तेल आणि मेण त्यात मुरलेलं. फक्त सर्वांत खालच्या फळीच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा फिकट होती, कोरडी, कुणी कधी न शिवलेली. त्या जागेत मार्क्याचं, जुन्या रुपयाएवढं एक वर्तुळ ठोकलेलं होतं, त्यात दोन अक्षरं, खाली सत्तर हा आकडा. वर्तुळाच्या आत तिने भोकं मोजली. चौदा.

ती सरपटत बाहेर आली. केसांना जाळं लागलं होतं, ते तिने काढलं नाही.

---

कांता शिकवत होती ती वरोऱ्याची शाळा एप्रिलअखेर सुटली तशी ती आईला न्यायला आली होती. गेल्या पावसाळ्यात गिरजाबाई विहिरीपाशी घसरल्या आणि दुपारपर्यंत तिथेच पडून राहिल्या. तेव्हापासून कांताने चार पत्रं लिहिली होती. चौथ्या पत्राचं उत्तर शेजारच्या सीतेच्या अक्षरात आलं. आलमारी येत असन त मी येतो, एवढंच.

गाव पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून. तिथून सागाची वस्तू गाडीत घालून न्यायची तर नाक्यावर परवाना दाखवावा लागे, आणि परवान्यासाठी वनपालाने घरी येऊन वस्तू पाहायला हवी. कांताने अर्ज दिला. तेंदूपत्त्याचा हंगाम असल्यामुळे वनपाल गुरुवारी येतो म्हणाला. आज रविवार होता.

सोमाजी, तिचे वडील, वनखात्यात नाकेदार होते. त्यांच्या मोहल्ल्यातून खाकी कपडे घालणारे ते पहिले. सत्तर साली त्यांनी डेपोच्या लिलावात सागाचा एक लठ्ठा, अख्खा ओंडका, घेतला. विकलेल्या लाकडाच्या दोन्ही टोकांना खात्याच्या हातोड्याचा ठोका मारतात, पण आरागिरणीत टोकं कापून जातात. म्हणून त्यांनी साहेबांना विनवून बाजूला एक जादा ठोका मारून घेतला होता, तेवढीच साल सोलून. "आपल्या घरी सागाची आलमारी आली," ते म्हणत, "त लोक पयले मार्का पाह्यतीन, मंग आलमारी."

पुढच्याच वर्षी डेपोत काही लठ्ठे कमी भरले. कोणीतरी निनावी अर्ज केला. नाकेदाराच्या घरी सागाची आलमारी कशी, असं त्यात होतं. लिलावाची पावती चौकशीसाठी मागवली गेली आणि परत आली नाही. चौकशीही पुढे गेली नाही आणि मिटलीही नाही. सोमाजींची तीनदा बदली झाली. घर मात्र त्यांनी हलवलं नाही, आलमारीही नाही. साहेब येतील, वाकून पाहतील आणि झालं, असं ते म्हणत. अठ्ठ्याहत्तर साली ते वारले तोपर्यंत कोणी पाहायला आलं नव्हतं. गावात कोणी तोंडावर काही बोलत नसे. फक्त लग्नाकार्यात, बायका एकमेकींच्या घरातल्या वस्तूंबद्दल बोलत असल्या आणि गिरजाबाई आल्या, की विषय बदलायचा.

दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सोमाजी आलमारीला तेल लावत. जवसाचं तेल उकळून, त्यात जंगलातून आलेल्या पोळ्याचं मेण विरघळवून, जुन्या धोतराच्या बोळ्याने. दारं, खण, पाय, पाठ, खालचा तळसुद्धा. मार्क्याच्या जागेभोवती बोळा वळवून न्यायचा. लहानपणी कांताने विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "तेलानं अक्षरं बुजतेत." त्यांच्यामागे गिरजाबाईंनी तेच केलं. रॉकेल नाही, ओला फडका नाही, तेलाचं बोट नाही.

विद्यार्थ्यांना शिकवायची गोष्ट कांताच्या डोक्यात आपोआप उभी राहिली. सागाच्या गाभ्यात तेलं असतात, भुंगेरा त्याला तोंड लावत नाही. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं, अळीला तेच लागतं. मादी अंडी घालते ती उघड्या रंध्रांत. तेलामेणाने रंध्रं बुजली की तिला जागा उरत नाही.

सबंध आलमारीत उघडी जागा एकच होती.

तिने काळा कागद दुमडला आणि भुकटी सांडू न देता चुलीपाशी नेला.

"काय करून राह्यली?"

"जाळते. अंडी असतील यात."

गिरजाबाई कागद जळून संपेपर्यंत पाहत राहिल्या.

---

देवाजी सुतार सोमवारी सकाळी आला. आलमारी त्यानेच केली होती. आता सत्तरीला टेकला होता, पिशवी नातसुनेने शिवलेली आणि पटाशी त्याच्या बापाची होती. त्याने चपला बाहेर काढल्या, आलमारीपुढे उभं राहून आधी दार उघडलं आणि सोडून दिलं. दार आवाज न करता आपसूक मिटलं. त्याने मान हलवली.

"काय मास्तरीनबाई, भोकं मोजली म्हने."

"मोजली. एकशे बारा. सगळी खालच्या फळीत."

"आमी लाकूड मोजत होतो. आता भोकं मोजाचा जमाना आला."

तो मागे गेला, उकिडवा बसला आणि पटाशीच्या मुठीने फळी वाजवली. कान जवळ नेला. वरची फळी वाजवली, मग पुन्हा खालची.

"ढोल झाला," तो म्हणाला. "वरून साल राह्यली, आत काईच नाई. बाकी आलमारी धड हाय. तुमच्या नातवाच्या नातवाले पुरन."

"नातू कोठून आनू, भाऊ?" गिरजाबाई म्हणाल्या. "आमच्या बाईले भुंग्याइचाच संसार आवडते."

"मंग त घरातच भेटला."

कांता हसली. गिरजाबाईही जरा हसल्या, पदर तोंडाशी नेऊन.

"मी सोमाजीभाऊले सांगतलं होतं," देवाजी गुडघ्यावर हात ठेवून उठला. "म्हनलं, पांढरं नोको घालू. सागाचं पांढरं आन् जवायाचं गोड बोलनं, टिकत नाई. त म्हने, देवाजी, मार्का पांढऱ्यावर हाय त मी काय करू? अख्खी फळी पांढऱ्याची ठेवाले लावली मले. सुताराची लाज गेली म्हनलं. त म्हने, तुही लाज मांगून राहीन, कोनाले दिसन?"

"मंग आता काय करतं?"

"फळी काढून फेकतो. लाल लाकडाची नवी बसवतो. अर्ध्या दिवसाचं काम. नाई काढली त पुढच्या उन्हाळ्यात खनाच्या फळ्याइले लागन, तिथी बी किनारीले पांढरं हाय थोडंसं."

"काढ," गिरजाबाई म्हणाल्या. "पन गुरवारी साहेब येते. त्यानं पाह्यलं का मंग काढ."

देवाजीने कांताकडे पाहिलं.

"बाई, ते पापडावानी झालं हाय. फडका बी नोको लावजा."

"सोळा वर्षं नाई लावला. चार दिवस काय लावतो?"

देवाजीला सोडायला कांता अंगणापर्यंत गेली. करंजाच्या सावलीत तो चपला घालत होता.

"देवाजीभाऊ, तेल लावलं नाही म्हणूनच लागलं ना ते? त्या जागेला?"

तो खाली वाकला. चपलेचा अंगठा नीट केला.

"लोकाइच्या घरी न जपल्यानं लागते," तो म्हणाला. "तुमच्या घरी ज्यास्त जपलं. मायले नोको सांगू."

---

दोन दिवस कांताने बाकीच्या कडा पाहिल्या. डॉक्टरांकडून आणलेल्या पिचकारीने खणांच्या किनारींना रॉकेल सोडलं, फटी मेणाने बुजवल्या. खालच्या फळीला हात लावला नाही. तिथे रोज संध्याकाळी चिमूटभर नवी भुकटी पडलेली असे. गिरजाबाईंनी त्या बाजूला झाडणं बंद केलं. कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून दाराला फळकूट लावलं. शेजारची पोरं खेळायला आली की त्यांना ओसरीवरूनच परतवत.

मंगळवारी दुपारी कांता एक पातळ कागद आणि मऊ पेन्सिल घेऊन मागे गेली. कागद वर्तुळावर ठेवून पेन्सिल आडवी फिरवली की ठसा उमटेल असा तिचा विचार होता. कागद टेकवण्याआधीच गिरजाबाई आल्या.

"काय करतं वं?"

"ठसा घेते. म्हणजे काही झालं तर कागदावर तरी राहील."

"कागद त त्याईनं नेलाच होता," गिरजाबाई म्हणाल्या.

कांताने कागदाची घडी करून पुस्तकात ठेवली.

बुधवारी दोघींनी आलमारी खिडकीकडे सरकवली. पायांखाली ओलं पोतं घातलं आणि अंगठाभर, अंगठाभर ढकलली. पाठ आता उजेडाकडे आली. आतले कपडे आधीच गाठोड्यात बांधले होते, तरी ती जड होती. सरकवून झाल्यावर गिरजाबाई धापा टाकत खाली बसल्या आणि मार्क्याकडे पाहत राहिल्या. मग उठून त्यांनी पाट आणला. आलमारीच्या मागे, फळीसमोर ठेवला.

"हा कशाला?"

"साहेबाले वाकाले नोको. बसून पाहीन."

त्यांनी स्वतः पाटावर बसून पाहिलं. बसल्यावर वर्तुळ डोळ्यांच्या समोर येत नव्हतं, जरा खाली राहत होतं. त्यांनी पाट उचलून ठेवला आणि चटई घातली.

त्या दिवशी जेवताना त्या मध्येच थांबल्या. "तो इचारन, पावती कुठी हाय. त म्हनाचं, तुमच्याच जवळ हाय. असं म्हनलं त राग येईन का त्याले?"

"नाही येणार."

"मंग म्हनीन, पावती नाई त हे पाहा."

कांताने त्यांच्या पानात भात वाढला. त्यांनी तो खाल्ला नाही.

---

वनपाल अकराच्या उन्हात मोटारसायकलवर आला. तिशीच्या आतला होता. शर्टाच्या पाठीवर घामाचा पांढरा नकाशा, हातांना तेंदूच्या पानांचा वास. त्याने दारातच टोपी काढली आणि गिरजाबाईंना नमस्कार केला. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघून म्हणाला, "जयभीम, आई. माझा मामा इथूनच जवळ, घोसरीकडे राह्यते."

गिरजाबाईंनी पांढरं लुगडं नेसलं होतं. त्यांनी पाणी दिलं. पाणी पिऊन होताच तो आलमारीपाशी गेला. दार उघडलं, मिटलं. तळहात लाकडावरून फिरवला.

"काय लाकूड आहे," तो म्हणाला. "असा साग आता आमाले बी पाह्याले भेटत नाई. पॉलिश कोन केली?"

"तेल लावतो घरीच," गिरजाबाई म्हणाल्या. "जवसाचं."

"वा." त्याने खिशातून परवान्याचं पुस्तक काढलं आणि खाटेवर बसला. "एकच नग न? वरोऱ्याले न्यायचा?"

"हो," कांता म्हणाली.

"पावती असन त बरं. नसली त चालते. जुनं घरगुती सामान आहे, कोन इचारते." त्याने पेनचं टोपण काढलं.

गिरजाबाई आलमारीच्या मागच्या अंगाला उभ्या होत्या. एक हात त्यांनी लाकडावर ठेवला होता.

"मार्का मांगून हाय, साहेब."

"असू द्या आई. त्याची गरज नाई आता."

"पाहून त घ्या."

"दिसतेच न आलमारी जुनी आहे थे. मले अजून तीन फडींवर जायचं आहे पानं मोजायले."

"पाच मिनिटं लागन," गिरजाबाई म्हणाल्या. "चटई घातली हाय."

वनपालाने कांताकडे पाहिलं. कांताने नजर खाली केली नाही. तो उठला, बूट काढले आणि मागे जाऊन चटईवर गुडघे टेकले. गिरजाबाई त्याच्या खांद्याशी वाकल्या.

"थे पाहा. गोल. आत दोन अक्षरं हायत. खाली साल."

खिडकीतून ऊन सरळ फळीवर पडलं होतं. सकाळपासूनची भुकटी वर्तुळावर बसली होती, अक्षरं पुसट दिसत होती.

"धूळ आहे," तो म्हणाला आणि ती पुसायला त्याने अंगठा टेकवला.

अंगठा आत गेला. आवाजही नीट झाला नाही. वर्तुळाचा मधला भाग आत बसला, मग कडा त्याच्यामागे गेली, आणि तिथून पिठाची बारीक धार चटईवर पडत राहिली. धारेबरोबर एक अळी पडली, तांदळाच्या दाण्याएवढी, वाकडी. ती उन्हात हलत होती.

वनपालाने हात मागे घेतला. अंगठ्याला पांढरं लागलं होतं.

"मी जोर नाई लावला," तो म्हणाला.

"नाई लावला," गिरजाबाई म्हणाल्या. "जोर लावाचं कामच नोतं."

तो उठला. रुमाल काढून अंगठा पुसला, रुमाल पुन्हा खिशात घातला. कांताने चहा आणला तेव्हा तो खाटेवर बसून लिहीत होता. चेहरा खाली होता. बऱ्याच ओळी लिहिल्या, सही केली, परवाना फाडून कांताच्या हातात दिला. चहा अर्धा प्याला.

"चिंता नोका करू, आई," बूट घालताना तो म्हणाला. "नाक्यावर कोणी अडवणार नाई. मी लिहून देल्लं आहे नीट."

मोटारसायकलचा आवाज वळणावर बराच वेळ ऐकू येत होता.

"काय लिवलं?" गिरजाबाईंनी विचारलं. त्या चटईवर बसल्या होत्या, पाय पसरून.

कांताने आधी मनात वाचलं. मार्चमध्ये तिने नववीच्या तीन मुलांना प्रयोगवहीत शून्य दिलं होतं. प्रयोग न करता त्यांनी निरीक्षणं लिहिली होती, आणि ती बरोबर होती.

"वाच न."

"सागवान आलमारी, नग एक, जुनी, घरगुती वापराची," कांताने वाचलं. "मागील बाजूस विक्रीचा हॅमर मार्क प्रत्यक्ष पाहिला. अक्षरे व साल स्पष्ट. नियमानुसार योग्य." ती थांबली. "खाली सही आहे."

"अक्षरं कोनती होती, लिवलं का?"

"नाही."

"इचारलं त्यानं?"

"नाही."

अळी चटईच्या काडीवर चढली होती. गिरजाबाई तिच्याकडे पाहत होत्या.

"चांगला पोरगा हाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्याले वाटलं, म्हातारीचं काम अडाले नोको."

कांता परवान्यावरची सही पाहत राहिली.

"आन् हेच त म्हनत होते लोक." गिरजाबाईंचा आवाज चढला नाही. "नाकेदाराच्या घरी काय, म्हने. पाह्यजे थे लिवून भेटते."

"माय, परवाना खरा आहे. बाबांवर त्याने काही..."

"ठेव थो तुह्याजवळ. असा कागद मले नोको."

"मग आलमारी नेता येणार नाही."

"नाई."

"आणि तू?"

गिरजाबाई हात टेकून उठल्या. वनपालाच्या कपात चहावर साय धरली होती. त्यांनी कप उचलला, अंगणाच्या कडेला जाऊन ओतला, आणि कप घासायला बसल्या. एकच कप त्या कितीतरी वेळ घासत होत्या.

कांताने परवान्याची घडी केली. पर्स उघडली, मिटली. मग खोलीत जाऊन तिने कपड्याचं पहिलं गाठोडं सोडलं.

---

शुक्रवारी देवाजीने खालची फळी काढली. करवत लागलीच नाही. खिळे सैल करताच फळी तीन तुकड्यांत हातात आली. आतून निघालेल्या भुकटीने सूप भरलं. गिरजाबाईंनी ते सूप आणि तुकडे चुलीपाशी नेले. तुकडे ओलसर मोहाच्या लाकडासारखे धुमसतील असं त्यांना वाटलं होतं. ते कागदासारखे पेटले.

नवी फळी देवाजीने घरून आणली होती, पूर्ण गाभ्याची, लाल. रंधा मारला तसा सागाचा कडवट वास खोलीत पसरला. पांढऱ्याची रेघसुद्धा कुठे नव्हती. त्याने ती चौकटीत धरून पाहिली, केसभर जास्त होती, पुन्हा रंधा घेतला.

"काल गाडी दिसली लोकाइले," तो फळीकडेच पाहत म्हणाला. "साहेब येऊन गेला म्हनते."

त्याने रंधा आणखी एकदा ओढला.

"काय म्हने थो? पाह्यलं का त्यानं?"

गिरजाबाईंनी शेवटचा तुकडा विस्तवात सारला. तो पेटेपर्यंत थांबल्या.

"कोनी नाई आलं," त्या म्हणाल्या.

रंधा थांबला. देवाजीने आधी त्यांच्या पाठीकडे पाहिलं, मग आलमारीला धरून उभ्या असलेल्या कांताकडे.

"नाई आलं," कांता म्हणाली.

देवाजीने फळीवरचा भुसा फुंकला. सरस वितळवायला डबा उचलून तो चुलीशी गेला आणि गिरजाबाईंनी सरकून त्याला विस्तवाजवळ जागा करून दिली.